श्रावणी सोमवार का सोडला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. चाळीत, देवळात, परवा तर लग्नाच्या पंगतीतही हाच प्रश्न आला: ‘ह्यांनी श्रावणी सोमवार का सोडला? उपासाचं तर हलकं असतं.’

आमच्या ह्यांचं डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार. शनिवारी चार तासांनी मशीनवरून उठले की थेट मंगळवार. धडधाकट माणसाचं जास्तीचं पोटॅशियम रोज लघवीवाटे जातं. ह्यांच्या किडन्या निकामी, म्हणून ते रक्तात साठत राहतं आणि सोमवारी रात्री सगळ्यात चढलेलं असतं. नेमकं त्याच दिवशी आपल्या ताटात काय? बटाटा, रताळं, शेंगदाणे, खजूर, केळं. साबुदाणा बिचारा निर्दोष, पण कुटाशिवाय खिचडी कोण खाणार?

दोन वर्षांपूर्वी असाच सोमवार. बाबुलनाथच्या देवळातून आले, दिवसभर उपासाचं खाल्लं, वर शेजारच्या भाऊंनी मायेने आणलेली दोन शहाळी. एका शहाळ्यात ५०० मिलीग्रॅम पोटॅशियम सहज असतं. ह्यांना दिवसाची मर्यादा २००० ची. पहाटे उठायला गेले तर पायांत जीवच नाही. टॅक्सीने गाठलं हॉस्पिटल. रिपोर्टात रक्तातलं पोटॅशियम ७.१; साडेपाचच्या आत हवं. ईसीजीच्या कागदावर टोकदार सुळके, म्हणजे चढलेल्या पोटॅशियमचा त्रास हृदयाला सुरू झालेला. आधी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. त्याने पोटॅशियम उतरत नाही, हृदय तेवढं सांभाळलं जातं. मग ग्लुकोजबरोबर इन्सुलिन, म्हणजे पोटॅशियम रक्तातून पेशींत शिरतं. शरीराबाहेर काढलं ते शेवटी मशीननेच.

भाऊंना मी काही बोलले नाही. ताट मीच वाढलं होतं.

तेव्हापासून बटाटा कुकरमध्ये सालासकट उकडणं बंद. सालं काढायची, बारीक फोडी करायच्या, कोमट पाण्यात दोनेक तास ठेवायच्या, मग भरपूर पाण्यात उकडून ते पाणी मोरीत ओतायचं. सगळं जात नाही, बरंचसं जातं. (चवही जाते, हे कोणी सांगत नाही.) त्याच हिशेबाने होळीला कटाची आमटी आम्हा बाकीच्यांची, डाळीतलं बरंचसं त्या कटातच उतरलेलं असतं. भाचीने ‘तब्येतीला चांगलं’ म्हणून लो-सोडियम मिठाचं पाकीट आणलं, तेही परत दिलं. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराइडच घातलेलं असतं.

बाबुलनाथ मात्र सुटलेलं नाही. सोमवारी रांगेत उभे राहतात, घरी येऊन दुधीची भाजी आणि भात जेवतात. प्रसादाचं केळं पिशवीतून आणतात आणि दारातच माझ्या हातावर ठेवतात.

‘घे, तुझं पोटॅशियम.’