डीपी बदलली का?

सहा वर्षं झाली मला टांझानियात. दार-ए-सलाममध्ये एका गुजराती शेठकडे पंपाच्या सर्व्हिसला आहे, बोअर, सबमर्सिबल, स्टार्टर, पॅनल असलं सगळं. मूळचा मी तासगावकडचा, त्यामुळे मोटर-पंप काय मला कॉलेजात कळलेलं नाही, रात्रीच्या लाईटीला रानात जाऊन बटन दाबण्यात लहानपण गेलंय. हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे पुढची फजिती किती मोठी होती ते कळेल.

मे महिन्यात फोन आला. एन्जोम्बेच्या अलीकडे आत खेड्यात कॅथलिक ब्रदरांची शाळा आहे, बोअर आटलं म्हणे, होस्टेलला तीनेकशे पोरं आणि नळाला करंगळीएवढी धार. शेठ म्हणाला नवीन पंप टाकूनच घेऊन जा, परत हेलपाटा नको. सातशेएक किलोमीटर. मिकुमीच्या जंगलातूनच हायवे जातो, जिराफ रस्त्याकडेला उभे असतात आणि आपण ट्रकमागं पन्नासच्या स्पीडनं, मग किटोंगाचा घाट, आपला खंबाटकी बरा वाटावा असा. रात्री इरिंगात मुक्काम. तिकडं पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल असतो, म्हणजे मे महिन्यात बोअर भरलेलं असायला पाहिजे, आटतंय कसं, हे गाडी चालवताना एकदा डोक्यात येऊन गेलं, पण खोक्यात नवीन पंप असला की माणूस जास्त विचार करत नाही.

सकाळी पोचलो तर पोरापोरींची रांगच, ओढ्यावरून पिवळे वीस लिटरचे कॅन डोक्यावर घेऊन येतायत. प्रत्येकजण जाताजाता वाकून ‘शिकामो’ म्हणतो, मोठ्या माणसाला करायचा नमस्कार आहे तो, आणि आपण ‘मारहाबा’ म्हणायचं. चाळीस वेळा मारहाबा म्हटलं. वर्कशॉपच्या दारात दोन पोरं ग्राइंडरवर छिन्नीला धार लावत होती, ठिणग्या सगळ्या वर उडत होत्या आणि ती ‘फताकी, फताकी’ करून हसत होती. फताकी म्हणजे आपले फटाकेच, शब्दसुद्धा तोच. मीही हसलो आणि पुढं गेलो.

ब्रदर साठीचे, टांझानियनच, निळा ओव्हरऑल, हाताला ग्रीस. मी सवयीनं फादर म्हणालो. ते म्हणाले फादर नाही, ब्रदर. माझा वसईचा एक मित्र आहे त्यानं मला कधीतरी हे समजावलं होतं पण लक्षात राहिलं नव्हतं, मला आपलं वाटायचं ब्रदर म्हणजे फादरचा ज्युनिअर, पुढं प्रमोशन होत असेल. तसं नाही. हे लोक लग्न करत नाहीत, स्वतःची मालमत्ता ठेवत नाहीत, शपथ घेतलेली असते, पण मिस्सा सांगणं, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना चालवणं, हे त्यांचं कामच नाही. शाळा हेच काम. फ्रान्समध्ये १६८० साली द ला साल नावाच्या एका धर्मगुरूनं गरिबांच्या पोरांसाठी मास्तर गोळा केले तिथून ही शिकवणाऱ्या ब्रदरांची परंपरा वाढली, मारिस्ट नावाचे ब्रदर नंतरचे, १८१७ चे. या शाळेत एका अंगाला सेकंडरी आणि दुसऱ्या अंगाला सुतारकाम, गवंडीकाम, वायरिंग, शिवण, वेल्डिंग. आपल्या आयटीआयसारखं, परीक्षा व्हेटाची, म्हणजे तिकडच्या सरकारी व्यवसाय-प्रशिक्षण संस्थेची. तिथं प्रायमरी पूर्ण स्वाहिलीत आणि सेकंडरीला एकदम इंग्लिश, त्यात बरीच पोरं गळतात, ब्रदर म्हणाले हात चांगले असलेलं पोर इंग्लिशपायी घरी बसवायचं का.

असो. कामाला लागलो. तिकाटणं उभं केलं, चेन पुली लावली, पंधरा पाईप एकेक करून वर, प्रत्येकाला क्लॅम्प, पान्हा, पोरं हात लावायला भरपूर. चार तास गेले. पंप वर आला तर जाळी स्वच्छ, शाफ्ट हातानं मोकळा फिरतोय, मेगर, म्हणजे वायंडिंगचं इन्सुलेशन तपासायचा मीटर, लावला तर मोटरही ठणठणीत. पाण्याची लेव्हल बघितली तर पाणी पाहिजे तेवढं. मी घाम पुसत उभा. आता नवीन पंप टाका म्हणायला तोंड होत नव्हतं, आणि नको म्हणायला शेठ आठवत होता.

जेवायला उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि घेवड्याची आमटी. पातेल्याजवळ एक पोरगी घुटमळत होती, वायरिंगच्या दुसऱ्या वर्षाची, सतरा-अठराची असेल. ‘फुंदी, समाहानी,’ म्हणजे मिस्त्री, माफ करा. मग हळू आवाजात म्हणाली, त्या आठवड्यात सुतारकामाची करवत उलटी फिरायला लागली होती, सरांनी प्लगमधल्या दोन वायरी बदलल्या, मग नीट झाली. पंपही थ्री फेजच आहे ना?

कुठल्या आठवड्यात?

वीज पडून ट्रान्सफॉर्मर जळाला, नवीन बसवला, त्या.

माझा घास तोंडातच. आमच्या गावात डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळून नवीन आली की शेतकरी पहिल्यांदा हेच बघतो, मोटर उलटी तर नाही ना, कारण नवीन जोडणीत तीन फेजचा क्रम बदलला की मोटर उलटी फिरते. माझ्या आज्जीला माहीत आहे हे. उलट्या फिरणाऱ्या पंपाला पाणी येतं पण रडतखडत, वर चढायचा जोरच नसतो. आणि त्या फताकी! ग्राइंडरच्या ठिणग्या खाली जायला पाहिजेत, वर उडतायत म्हणजे चाक उलटं, नट सैल होऊन चाक सुटलं असतं तर कुणाचं तरी तोंड फुटलं असतं, आणि मी हसत पुढं गेलो होतो. सुतारकामाचे सर पत्र्याकडं बघत होते. त्यांनी आपलं मशीन नीट केलं, विषय संपला. पोरगीनं तिच्या सरांना सांगितलं होतं, ते म्हणाले बोअरचं कंपनीचा माणूस बघेल. ब्रदर तेव्हा महिनाभर बाहेरगावी होते.

बॅगेतून फेज सिक्वेन्स मीटर, म्हणजे तीन फेजचा क्रम दाखवणारा, काढला. क्रम उलटा. पंप आडवा ठेवून सेकंदभर बटन मारलं, झटकाही उलटा. मी म्हटलं चला, पंपाच्या स्टार्टरमध्ये दोन वायरी बदलतो. ब्रदर तिच्याकडं वळून म्हणाले, तू सांग, कुठं बदलायच्या? ती म्हणाली मेनला, म्हणजे ग्राइंडरही नीट होईल, पण मग करवतीचा प्लग परत पूर्वीसारखा करावा लागेल. बरोबर होतं. मेन पाडून, कुलूप घालून, टेस्टरनं तिन्ही फेज तपासून तिनंच बदलल्या, मी नुसता टॉर्च धरून. लग्स, म्हणजे वायरींच्या टोकाच्या टोप्या, आवळल्यावर प्रत्येक वायर ओढून बघितली तिनं, हे मी आमच्या पोरांना सांगून सांगून दमलोय.

पंधरा पाईप परत खाली. साडेआठला टाकीत पाणी पडायला लागलं, आधी तांबडं, मग स्वच्छ, अंधारात पोरांचा नुसता गलका. शेठला फोन केला, तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग विचारलं खोकं उघडलं का. नाही म्हटलं.

सकाळी गाडीत ब्रदरांनी अव्होकाडोचं पोतं टाकलं आणि म्हणाले, निघायच्या आधी दहा मिनिटं वर्गात या. फळ्यावर त्या पोरीनं तिन्ही फेज काढून ठेवले होते. मी समजावलं, कुणाला काही विचारायचंय का म्हटलं. मागच्या बाकावरचं एक पोरगं उठलं. फुंदी, मीटर बॅगेत होता, मग सकाळीच का नाही काढला?

वर्ग हसला. ब्रदर नाही हसले, दाराला टेकून माझ्या उत्तराची वाट बघत राहिले.