आमची वाटचाल : मागचं अंगण आणि नऊ कड्या

पुण्यात एरंडवण्यातल्या एका जुन्या बंगल्याचा तळमजला आम्ही २०१७ साली हॉटेलासाठी भाड्यानं घेतला. पुढच्या दोन खोल्यांत आठ टेबलं, मधे स्वयंपाकघर आणि मागं शहाबादी फरशीचं अंगण. अंगणात एक आंबा, कपडे धुवायचा दगड आणि भिंतीकडेला रिकामी पिंपं. त्या अंगणाचं काय करायचं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तिथं एक कुत्री आमच्याआधीपासून राहत होती. गावठी, तांबूस, एक कान मोडलेला. आम्ही तिला चिंगी म्हणायला लागलो आणि ती आमची झाली.

माझा नवरा सात वर्षं इटालियन प्रवासी जहाजांवर स्वयंपाकी होता. जहाज इटलीतल्या जिनोआला लागलं की बंदरामागच्या अरुंद गल्ल्यांतल्या खानावळींत तो जेवायला जायचा. तिथली एक गोष्ट तो आमचं लग्न ठरलं तेव्हापासून सांगत आला आहे. माणूस कुत्र्याला घेऊन येतो, कुत्रं टेबलाखाली अंग टाकतं, आणि वेटर आधी खाली पाण्याचं भांडं ठेवून मग वर मेनू देतो. कोणी वळूनही बघत नाही. आपल्या हॉटेलात असं करायचं, हे मात्र तेव्हा आमच्या डोक्यातही नव्हतं. आम्हाला जिनोआकडचं जेवण पुण्यात खिलवायचं होतं: फोकाच्या म्हणजे ऑलिव्ह तेलातला चपटा पाव, पेस्तो म्हणजे बेसिलच्या पानांची चटणी, आणि हरभऱ्याच्या पिठाची फारिनाता. पहिलं वर्ष ओढाताणीतच गेलं. फारिनाता तेवढी चालली, कारण ती समोर आली की लोक म्हणायचे, ‘अहो, हे तर आपलं धिरडं!’

२०१८ च्या जानेवारीत एका संध्याकाळी फाटकाशी एक जोडपं आलं, सोबत बीगल. ‘कुत्रा चालेल का?’ असं त्यांनी विचारलं आणि वेटरनं ‘नाही’ म्हणून सांगितलं. मी गल्ल्यावरून बघत होते. त्या जोडप्यातला नवरा आत येऊन बसला, त्यानं पास्ता मागवला, दहा मिनिटांत संपवला आणि बाहेर गेला. मग ती आत आली आणि तो थंडीत पट्टा धरून रस्त्यावर उभा राहिला. दोघं एकत्र जेवायला म्हणून घरातून निघाली होती आणि पाळीपाळीनं जेवून परत चालली होती. मला ते बघवेना. बिल देताना मी तिला म्हटलं, ‘ताई, पुढच्या वेळी आलात की बाजूच्या बोळातून मागं या, मी टेबल टाकून ठेवते.’

पुढच्या शनिवारी ते आले. महिन्याभरात त्यांच्या ओळखीची चार कुत्री यायला लागली. बोळाचं फाटक रस्त्यावरून थेट अंगणात उघडतं, हे आमचं नशीब. स्वयंपाकघर, कोठीची खोली आणि वाढपाची वाट यांच्या आसपास कुत्रं फिरकता कामा नये, एवढं आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला कमरेएवढं लाकडी फाटक बसवलं. त्याला दुसरंही कारण होतं. पिझ्झाचं फुगत ठेवलेलं कच्चं पीठ कुत्र्याच्या पोटात गेलं तर तिथल्या उबेला ते आणखी फुगतं, आणि यीस्टमुळं आत मद्यार्क तयार होतो. आमच्याकडं रोज दुपारी अशा पिठाच्या परातीच्या पराती झाकून ठेवलेल्या असतात.

मग आम्ही फाटकावर पाटी लावली : ‘कुत्रा चालेल’. आज मला ती पाटी चुकीची वाटते. कुत्रा चालतो म्हणणं आणि कुत्र्याची सोय आहे म्हणणं, या दोन गोष्टींत किती अंतर आहे ते कळायला आम्हाला एक वर्ष लागलं, आणि त्याची किंमत दुसऱ्यांच्या जनावरांनी मोजली.

पहिला प्रसंग लॅब्रेडॉरचा. त्याच्या मालकानं पट्टा टेबलाच्या पायाला बांधला होता. कुंपणावर मांजर आलं. पस्तीस किलोचं कुत्रं उठलं ते टेबलासकट. ताटल्या, पेले, गरम सूप, सगळं फरशीवर. एका मुलीच्या पावलावर सूप सांडलं. काचांवर पाय पडून कुत्र्याचा पंजा कापला तो वेगळाच. दुसऱ्या दिवशी लोहाराला बोलावून भिंतीत जमिनीपासून फूटभर उंचीवर लोखंडी कड्या ठोकून घेतल्या. तेव्हा चार होत्या, आता नऊ आहेत. एका कडीला एकच कुत्रं, आणि दोन कड्यांमध्ये इतकं अंतर की पट्टे पूर्ण ताणले तरी नाकाला नाक लागत नाही. माणसांना समोरासमोर भेटायला आवडतं. अनोळखी कुत्र्यांना तसं समोर आणून उभं करणं म्हणजे बळेच अंगावर घालणं. बांधलेल्या कुत्र्याला तर मागं सरायलाही वाव नसतो, मग ते गुरगुरतं आणि लोक त्याला तापट ठरवतात. म्हणून आता आत घेतानाही एक कुत्रं बसल्याशिवाय दुसरं बोळात घेत नाही.

दुसरा प्रसंग आठवला की अजूनही माझ्या पोटात गोळा येतो. एका छोट्या पोमेरेनियनला टेबलावरच्या मुलांनी लाडानं गार्लिक ब्रेडचे तुकडे भरवले. मोठी माणसं बोलण्यात होती. मी भांडी उचलायला गेले तर बशी निम्मी रिकामी. चिंगीच्या डॉक्टरांकडून मला एवढं माहीत होतं की कांदा-लसूण कुत्र्याला विष आहे. कांद्यापेक्षा लसूण जास्त जहाल, आणि शिजवल्यानं, भाजल्यानं त्यातलं काही कमी होत नाही. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशीच त्यानं फुटायला लागतात. आम्ही त्याच पावली रिक्षानं दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी कुत्र्याचं वजन घेतलं, किती खाल्लं ते विचारलं आणि उलटी करवली. मग म्हणाले, आज बरा दिसला म्हणून निर्धास्त राहू नका, परिणाम दोन-चार दिवसांनी दिसतो. हिरड्या पांढुरक्या पडतात का, लघवी गडद होते का, बघत राहा. मी आठवडाभर रोज त्या घरी फोन करत होते. पोर बचावलं.

त्या रात्री घरी आल्यावर नवरा मेनूचं कार्ड घेऊन बसला आणि एकेका पदार्थावर काट मारत गेला. पेस्तोत लसूण. टोमॅटोच्या सॉसच्या बुडाशी कांदा. तिरामिसू या गोड पदार्थात कॉफी आणि कोको, म्हणजे दोन्ही बाजूंनी घात. पार्मेजान चीजमध्ये मीठ. द्राक्षं आणि मनुका तर मूत्रपिंडावर जातात. पहाटेपर्यंत कळून चुकलं की आमच्या ताटातला एकही घास खाली टाकण्याजोगा नाही. टेबलावरून भरवू नका, अशी सूचना लावता आली असती. लावलीही. पण समोर सगळे जेवताहेत आणि कुत्रं तोंडाकडं बघत बसलंय, असं चित्र असलं की कोणाचा तरी हात जातोच. म्हणजे त्याच्यापुढंही त्याचं त्याचं काही तरी हवं.

वाट दाखवली ती आईनं. माझी आई चातुर्मास पाळते. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत तिच्या हाताला कांदा-लसणाचा वास येत नाही. ती म्हणाली, ‘अगं, तुमच्या त्या बिचाऱ्यांना बारा महिने चातुर्मास. मग माझ्या भांड्यात शिजव की.’ कोंबडी ती कधी करणार नव्हती, तो भाग नवऱ्याकडं आला. पण पुढचं सगळं तिचं. मऊ भात, लाल भोपळा, गाजर, मीठ नाही, फोडणी नाही. त्यावर हाडं पूर्ण काढलेली उकडलेली कोंबडी, कारण शिजलेलं हाड फुटून त्याची टोकं आतड्यात रुततात. ही भांडी निराळी, त्यांच्यावर लाल रंगाची खूण, आणि ती धुवायची जागा अंगणातला तोच जुना दगड. माणसांची भांडी घासायची मोरी आत. कोणी शंका काढली तर आम्ही वाद घालत नाही, दोन्ही जागा नेऊन दाखवतो.

बिस्किटं हा नवऱ्याचा अभिमानाचा विषय. इटलीत फार्रो नावाचं जुनं धान्य खातात, त्यातला एक मुख्य प्रकार म्हणजे आपला खपली गहू. हे त्याला जहाजावर कळलं तेव्हापासून त्याला खपलीचं काही तरी करायचंच होतं. खपलीचं पीठ, अंडं आणि भोपळ्याचा गर मळून तो लाटी भाजतो, मग तिच्या कापट्या करून त्या पुन्हा भाजतो. बिस्कोत्ती या शब्दाचा अर्थच दोनदा भाजलेलं. साखर नाही, आणि बिनसाखरेची गोडी आणणारं झायलिटॉल तर घरातही ठेवत नाही, कारण त्यानं कुत्र्याची रक्तातली साखर झपाट्यानं उतरते. ही बिस्किटं आता लोक डबा भरून घरी नेतात.

मार्च २०२० नंतरचं सांगायला फार नाही. हॉटेल बंद, पार्सलवर कसंबसं भाडं निघायचं. ५ ऑक्टोबर २०२० ला निम्म्या क्षमतेनं उघडायची परवानगी मिळाली, आणि ज्या अंगणाचं काय करावं हे कळत नव्हतं त्याच अंगणानं आम्हाला तारलं. बंद खोलीत बसायला लोक घाबरत होते, आंब्याखाली बसायला तयार होते. त्या दिवसांत अनेक घरांत पहिल्यांदाच कुत्रं आलं होतं. ही पिल्लं चार भिंतींत वाढलेली, अनोळखी माणूस पाहिला तरी थरथरायची. अशांना आम्ही दुपारी साडेतीनला, अंगण रिकामं असताना बोलवायचो. तासभर नुसतं बसायचं, मागवायची सक्ती नाही. धंद्याच्या दृष्टीनं तो तास कोरडा जायचा, पण मला तो दिवसातला सगळ्यात आवडता वाटायचा.

ऋतूंनी एकेक धडा दिला. एप्रिलमध्ये शहाबादी फरशीवर तळहात टेकवून बघा, सात सेकंद धरवत नाही. मग पंजे कसे धरवतील? म्हणून उन्हाळ्यात अंगण सहानंतरच उघडतं, तेही फरशीवर पाणी मारून, ओलं गोणपाट अंथरून. पावसाळ्यासाठी आम्ही आधी पत्रा टाकला होता. पहिल्याच सरीला त्याचा असा ताशा वाजला की तीन कुत्री एकदम भेदरली. पत्रा काढून कौलं घातली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कुत्र्यांची टेबलं घेतच नाही. त्या आवाजात त्यांना घराबाहेर काढूच नये.

एकदा दोन कुत्री जुंपली. दोष आमचा. गर्दीत बोळाचं फाटक उघडं राहिलं. सोडवताना एका पाहुण्याच्या हाताला दात लागला. आम्ही हात साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या नळाखाली धरला आणि मग त्यांना इंजेक्शनसाठी घेऊन गेलो. रेबीज एकदा अंगात उभा राहिला की माणूस जवळपास वाचतच नाही, पण आधी लस घेतली तर तो टळतो. तेव्हापासून लसीची वही पाहिल्याशिवाय अंगणात प्रवेश नाही, मग तो कुत्रा कितीही ओळखीचा असो. महापालिकेचा परवाना आहे का तेही विचारतो. काही जण चिडतात. चिडू देत.

ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते त्यांचंही हे हॉटेल आहे. पुढच्या खोल्यांत कुत्रं कधीच येत नाही, आणि हे फोनवर आधीच सांगतो. शेजारच्या आजी सुरुवातीला फार नाराज होत्या. ‘खायच्या जागी कुत्री?’ म्हणून बोलायला आल्या. आईनं त्यांना अंगण दाखवलं, चहा दिला आणि नामदेवांची आठवण करून दिली. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावले ते. ‘तूप मात्र मी घालत नाही हो,’ असंही सांगितलं, ‘डॉक्टर म्हणतात जास्त स्निग्ध झालं की त्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते.’ आजी अजून कुत्र्याला हात लावत नाहीत, पण बोळाचं फाटक उघडं दिसलं की स्वतः लावून घेतात.

‘कुत्रा चालेल’ ही पाटी आम्ही केव्हाच काढली. आता तिथं लिहिलंय : ‘मागच्या अंगणात कुत्र्यांसाठी जागा, पाणी आणि सावली आहे. येण्याआधी फोन करा.’

वर्षातून एक दिवस मात्र ते अंगण पूर्ण बंद असतं. आषाढ शुद्ध नवमी, कांदे नवमी. त्या दिवशी जिनोआच्या पद्धतीची कांद्याची फोकाच्या परातीनं निघते, कांदाभजी होतात, झुणका होतो, आणि आमची सगळी माणसं अंगणात पंगत मांडून जेवतात. कांद्याचा पाचोळा कुठं कुठं उडालेला असतो. चिंगीला दिवसभर वरच्या मजल्यावर घरमालकांकडं ठेवतो. संध्याकाळी दोन जण खराट्यानं फरशी झाडतात, कोपरे पाण्यानं धुतात, आणि मी कडीकडी फिरून खाली काही राहिलं नाही ना ते बघते. मग आई तिच्या चातुर्मासाच्या भांड्यांचा हारा खाली उतरवते.