मामांना घेऊन नाशिक आणि द्राक्षांचे मळे

माझे मामा तासगावचे, तीस वर्षं द्राक्षबाग करतायत, त्यातली निम्मी द्राक्षं बेदाण्याला जातात, पण नाशिक त्यांनी कधी बघितलं नव्हतं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एक प्लॉट उतरवून झाला, माल बेदाण्यासाठी शेडवर रॅकवर वाळत पडला आणि मी लगेच फोन केला की मामा आता दोन दिवस काढाच. ते आधी पुण्याला आले, तिथून सकाळी सहाला निघालो, नारायणगाव संगमनेर सिन्नर करत साडेअकराला नाशकात. आधी मिसळ. वाफाळता रस्सा, पापड, दही आणि वर जिलेबी पण, मामांनी दोनदा रस्सा मागून घेतला.

मग पंचवटी. रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती आहे ना, त्याच्यापाशी मामा जे थांबले ते हलेचनात. तिथल्याच एका फुलवाल्या आजींनी त्यांना सांगितलं की पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं असंच नाशिककर एकमेकांना विचारतात, आकडे नंतर. मामांनी मूर्तीच्या पायापासून डोक्यापर्यंत नजर नेली, मग मागे वळून काठावरची दुकानं बघितली आणि म्हणाले, "म्हणजे छातीला पाणी आलं तर ही सगळी दुकानं पाण्यात." त्या आजी म्हणाल्या हो.

काळाराम मंदिर बघितलं. 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांनी इथे प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू केला, दादासाहेब गायकवाड पुढे होते, आणि तो पाच वर्षांच्या आसपास चालला तरी दार उघडलं नाही. त्या काळ्या दगडासमोर उभं राहून हे आठवलं की फार जड वाटतं, मी बराच वेळ काही बोलले नाही. संध्याकाळी पांडवलेणी. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं कौतुक एका आईने दगडात कोरून ठेवलंय, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असं. चढताना दम लागला पण मला हे बघायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी गंगापूर धरणाच्या बाजूला वायनरी. हा पट्टा वाईनसाठी ओळखला जायला लागून फार वर्षं नाही झाली, सुला या इथल्या वायनरीची पहिली वाईन 2000 साली आली आणि मग आजूबाजूला एकेक करत बऱ्याच उभ्या राहिल्या. मामांच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे घेणार नाहीत हे मला माहीत होतं, पण बाग बघायची होती त्यांना. आणि बागेत शिरल्या शिरल्या त्यांचा पहिला प्रश्न, "मांडव कुठंय?" आपल्याकडे वेल मांडवावर चढवतात आणि घड खाली लोंबतात, इथे तारांवर उभी भिंत केल्यासारखी ओळ, घड गुडघ्याच्या वर जेमतेम. तिथल्या मुलाने शिराझचा, म्हणजे रेड वाईनच्या काळ्या द्राक्षाचा, एक घड हातात दिला. मामांनी एक मणी तोडला, बोटात दाबला, साल जाड, आत दोन बिया, आणि रस बघा तर पांढरा. "रंग सगळा सालीत" म्हणाले. तो मुलगा म्हणाला बरोबर काका, म्हणून रेड वाईन सालीसकट आंबवतात आणि व्हाईटला साल आधीच काढून टाकतात. मग दोघांचं जे सुरू झालं, एप्रिलची नव्या काड्यांसाठीची खरड छाटणी, ऑक्टोबरची घडांसाठीची गोडी छाटणी, जीएचं डिपिंग, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संजीवकात घड बुडवणं, इथे करत नाहीत कारण मणी मोठा नकोच आहे, एकरी माल मुद्दाम कमी ठेवतात म्हणजे गोडी आणि चव त्या थोड्या घडांत उतरते. मामांना हे पटायला वेळ लागला. तीस वर्षं मणी फुगवण्यात गेली त्यांची.

टेस्टिंगला मी बसले, मामा शेजारी. दुसऱ्या ग्लासात सोविन्याँ ब्लाँ नावाच्या द्राक्षाची व्हाईट वाईन होती. मी ग्लास त्यांच्याकडे सरकवला, म्हटलं नुसता वास घ्या. त्यांनी डोळे मिटून वास घेतला, परत घेतला आणि शांतपणे म्हणाले, "ढोबळी मिरची." ओतणारी मुलगी थांबलीच. म्हणाली काका, या जातीची ओळखच ती आहे, लोकांना सांगावं लागतं, तुम्ही न सांगता ओळखलंत. मला इतका अभिमान वाटला ना, डोळ्यात पाणी आलं खरंच. मामांनी पुढचे चारही ग्लास हुंगले, एक थेंब न पिता, शिराझला मिरी म्हणाले आणि तेही बरोबर निघालं.

परतताना सिन्नरच्या पुढे आभाळ भरून आलं. मामा खिडकीतून बघत होते, मग त्यांनी फोन काढला आणि मामीला लावला, "तिकडं आभाळ आलंय का गं? शेडचे पडदे सोडून घे, बेदाणा अजून ओला हाय."