अनोळखी वाद्याची सोबत

बडोदे, रविवार रात्र

आर.ई.एम. या अमेरिकी बँडला जगभर नेणारा ‘आउट ऑफ टाइम’ हा अल्बम आज सलग ऐकला. यश दारात आलेले असताना या चौघांनी आपली सवयीची वाद्ये बाजूला ठेवावीत, याचे मला फार मोल वाटते.

जॉर्जियातील अथेन्स या विद्यापीठाच्या गावी १९८० मध्ये जमलेला हा बँड महाविद्यालयीन रेडिओच्या आधाराने वाढला, आणि मार्च १९९१ मध्ये आलेला हा त्याचा सातवा अल्बम अमेरिका व ब्रिटन दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर पोहोचला. गिटारवादक पीटर बक तेव्हा मेंडोलिन नव्याने शिकत होता. टीव्हीसमोर बसून वाजवलेले तो ध्वनिमुद्रित करी, आणि दुसऱ्या दिवशी ते ऐकताना त्यातच ‘लूझिंग माय रिलिजन’ची चाल सापडली.

सुरसागरकाठच्या आमच्या संगीत महाविद्यालयात, ज्याची परंपरा सयाजीरावांनी १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाती सोपवलेल्या गायनशाळेपर्यंत जाते, मी सतार शिकलो. रियाजाने तयार झालेला हात ठरलेल्या वळणांनीच धावतो, हे तेथे रोज अनुभवले. बकच्या बोटांना मेंडोलिनवर अशी वळणे ठाऊकच नव्हती. शिवाय या गाण्याला रूढ अर्थाने ध्रुवपद नाही. अंतऱ्यामागून अंतरा येतो, आणि मुखड्याचे काम मेंडोलिनची ती ओळच करते. त्याच्या चित्रफितीचे दिग्दर्शक तरसेम सिंग जालंधरात जन्मलेले, हे कळल्यापासून ती मला अधिकच जवळची वाटते.

हीच अदलाबदल अल्बमभर आहे. ड्रमवादक बिल बेरी काही ठिकाणी बास वाजवतो, आणि मायकेल स्टाइप हा मुख्य गायक असताना ‘टेक्सरकाना’ बासवादक माइक मिल्स गातो. ‘शायनी हॅपी पीपल’चा उत्साह मात्र मला कधीच भिडला नाही.

माझ्या मते अल्बमचा प्राण ‘कंट्री फीडबॅक’मध्ये आहे. स्वर सरकवत नेणारी पेडल स्टील गिटार ऐकताना सतारीची मींड आठवते, आणि स्टाइपचा आवाज इतका उघडा पडतो की गाण्याची बांधणी पाहण्याचे भानच राहत नाही. या अल्बमसाठी त्यांनी दौरा केला नाही. तरीही अशी कातर गाणी लाखो घरांत पोहोचली, याचा मला मनापासून आनंद आहे.