१२० तास आणि एक वही

शेवटच्या वर्षाला रसायनशास्त्राच्या अभ्यासक्रमात आम्हाला इंटर्नशिप होती. ४ क्रेडिट, एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास. पाण्याचे नमुने तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मला जागा मिळाली. रोज ६ तास धरले तर २० दिवसांत काम उरकायला हवं होतं. मला २३ दिवस लागले.

जास्तीचे ३ दिवस मंजुरीच्या कागदामुळे गेले. प्रयोगशाळेने तोंडी होकार दिला आणि मी लगेच रुजू झाले, कागद मागाहून येईलच म्हणून. तो सही होऊन आला चौथ्या दिवशी. मंजुरीच्या तारखेआधीचे तास धरता येणार नाहीत, असं कॉलेजने सांगितलं. १८ तास गेले. फार लागलं मनाला, कारण काम तर मी खरंच केलं होतं. कागद नीट वाचला तेव्हा मात्र नियम पटला. कोणतं काम शिकायचं, तिथे कोण शिकवणार, कॉलेजकडून कोण लक्ष ठेवणार, गुण कशावर मिळणार, हे सगळं त्यातच ठरतं. तो हातात नसेल तर नेमून दिलेल्या कामाबद्दल विद्यार्थी काही बोलूच शकत नाही. म्हणून आता ज्युनियर्सना मी आधी हेच विचारते, सही झाली का?

खरी अडचण होती वहीची. रोज केलेल्या कामाची नोंद ठेवायची आणि आठवड्याला प्रयोगशाळेतल्या मॅडमची सही घ्यायची. पहिल्या आठवड्यात मी लिहिलं, ‘आज पाण्याचा हार्डनेस काढला. ८ नमुने.’ हार्डनेस म्हणजे पाण्याचा जडपणा, त्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचं प्रमाण. पुढच्या दिवशीही तेच, फक्त आकडा वेगळा. कॉलेजमधले मार्गदर्शक सर पाहणीला आले, त्यांनी पानं चाळली आणि म्हणाले, “तू हजर होतीस एवढं यातून कळलं. शिकलीस काय, ते कुठे आहे?” मला उत्तर देता आलं नाही. हा प्रश्न त्यांनी त्या आठवड्यात विचारला, शेवटी नाही, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

त्यानंतरची एक नोंद मला अजून तोंडपाठ आहे. हार्डनेससाठी ५० मिली नमुना शंकुपात्रात घ्यायचा, पीएच १० वर स्थिर ठेवणारं बफर द्रावण घालायचं, मग एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग बदलून खूण देणारा निर्देशक. पाणी द्राक्षासवासारखं लाल होतं. ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा आणि खाली तोटी असलेल्या काचेच्या नळीतून, ०.०१ मोलरचं ईडीटीए सोडत जायचं, ते कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेतं; लाल रंगाची शेवटची छटा गेली आणि स्वच्छ निळा आला की थांबायचं. शेवटी रंग सावकाश बदलतो, तिथे थेंब-थेंबच सोडावा लागतो. किती मिली ईडीटीए लागलं, ते रीडिंग. एकाच नमुन्याचं पहिलं रीडिंग ११.९ आलं, दुसरं ११.४. हार्डनेस काढायला प्रत्येक मिलीला २० ने गुणायचं असल्यामुळे या अर्ध्या मिलीचा फरक लिटरमागे १० मिलिग्रॅम झाला. मी सरासरी काढायला निघाले होते. मॅडमनी हात धरला. “आधी कारण शोध.” तिसरं रीडिंग पुन्हा ११.४. मग आठवलं, पहिल्या वेळी ब्युरेटच्या तोटीत हवेचा बुडबुडा होता आणि मध्येच तो सुटला होता. त्याची जागा द्रावणाने घेतली, पात्रात न पडताच ते रीडिंगमध्ये मोजलं गेलं. चुकीचा आकडा खोडताना गिरवायचा नाही, पांढरा रंग लावायचा नाही. एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी कारण, सही, तारीख. त्या दिवशीची माझी नोंद दीड पान झाली.

पुढे मी एक सवय लावून घेतली. निघण्याआधीची १५ मिनिटं फक्त वहीची. घरी जाऊन लिहू म्हटलं की निम्मं विसरलेलं असतं, आणि आठवड्याचं एकदम लिहिलं की सगळे दिवस सारखेच दिसतात.

अहवाल लिहिताना ही वहीच कामाला आली. मुद्दे शोधावे लागले नाहीत, निवडावे लागले. मात्र नमुने कुणाचे, हे अहवालात घालता येत नव्हतं. ते आकडे ग्राहकांचे होते, माझे नव्हेत. मॅडमशी बोलून मी सगळ्या नावांच्या जागी क्रमांक टाकले आणि छापण्याआधी मसुदा त्यांना वाचायला दिला. याला ४ दिवस गेले, ते आधीच हिशेबात धरलेले बरे. मॅडमच्या मूल्यमापनाच्या फॉर्मचंही तसंच, शेवटच्या दिवशी त्या रजेवर असत्या तर माझं सगळं अडलं असतं. सुदैवाने मी तो आठवडाभर आधी दिला होता.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अहवाल बाजूला ठेवला आणि वही मागितली. नेमकं ते खोडलेल्या आकड्याचं पान उघडलं. “हे ११.९ का सोडून दिलंस?” मी बुडबुड्याचं सांगितलं. “आणि तिसरं रीडिंग घेतलं नसतंस तर?” मी म्हटलं, “तर दोन्हींपैकी कुठलं खरं, हे मला सांगता आलं नसतं, सर.” त्यांनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं.

निकालपत्रात त्या सगळ्याची एकच ओळ आली. इंटर्नशिप, क्रेडिट ४. वही मी कॉलेजला जमा केली, आधी त्या दीड पानाची झेरॉक्स काढून घेतली.