घोड नदीचे गोटे : छाननीची नोंद

पावसाळा ओसरल्यावर घोड नदीच्या पात्रातून वेचून आणलेल्या २१ गोट्यांची छाननी या महिन्यात हातावेगळी झाली. नुसती नक्षी पाहून नाव ठरवण्याची जुनी खोड यंदा मोडायची, असे ठरवून प्रत्येक गोटा ओला केला आणि मोबाइलच्या टॉर्चसमोर धरला. ज्यांच्या पातळ कडा मधासारख्या उजळल्या ते अकीक (अ‍ॅगेट), आणि कडेतूनही उजेड न जाऊ देणारे विटकरी गोटे जॅस्पर, अशी पहिली विभागणी झाली. घटक दोहोंचा एकच, अतिसूक्ष्म कणांची सिलिका.

याच ओघात, दोन वर्षांपूर्वी ‘ऑनिक्स’ (सरळ पट्ट्यांचा अकीक) म्हणून विकत घेतलेला पट्टेदार तुकडाही तपासला आणि खजील झालो. अकिकाची कठीणता मोजच्या १ ते १० या मापावर ७ च्या आसपास असल्यामुळे त्यावर साधा चाकू घासला तर चाकूच झिजून करडी रेघ उमटते. इथे मात्र दगडावरच खोल चरा पडला. हवेत ५४.२ ग्रॅम भरलेला हा तुकडा पाण्यात टांगल्यावर ३४.२ ग्रॅम भरला, म्हणजे घनता २.७१ आली. अकिकाची २.६ च्या आगेमागे असते. चऱ्यातल्या भुकटीवर व्हिनेगर टाकताच बारीक बुडबुडे आले आणि तो कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतले खनिज, ठरला.

सर्वांत जास्त वेळ सातव्या गोट्याने घेतला. हिरा-पात्यावर कापल्यावर बाहेरच्या सालीला धरून केसासारखे बारीक पट्टे दिसले, पण आतल्या पोकळीच्या एका बाजूला मात्र पट्टे सरळ, पातळीत लावल्यासारखे एकावर एक बसलेले आणि वर चिमुकल्या स्फटिकांनी भरलेली खोबण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातील वायूच्या बुडबुड्यांमुळे राहिलेल्या पोकळ्यांत पुढे सिलिकायुक्त पाणी झिरपले. भिंतीला धरून वाढलेले थर सर्व बाजूंनी सारखे चढले, तर सरळ थर गुरुत्वाकर्षणाने तळाशी बसले. त्यामुळे पोकळी भरत असताना ‘खाली’ कोणती बाजू होती, हे नदीने कितीही लोळवलेल्या या गोट्यावरूनही सांगता येते. मला तरी ही गोष्ट रंगापेक्षा मोलाची वाटते.

हिरव्या तंतूंचे दोन गोटे शेवाळी अकीक म्हणून वेगळे ठेवले आहेत. त्यांत वनस्पती नाही, हिरव्या खनिजांचे धागे आहेत. सातव्याचा दुसरा अर्धा भाग आता ६०० नंबरच्या बारीक घासभुकटीवर घासायला घेतला आहे.