कुपालाची रात्र: पाण्यावरचं कडं आणि जाळावरची उडी

कुपाला हा स्लाव लोकांचा ऐन उन्हाळ्यातला सण. आधी त्याच्या तारखेचा घोळ. बेलारूस आणि रशियात कुपाला ६ जुलैच्या रात्री, पोलंडमध्ये २३ जूनच्या. जुन्या (ज्युलियन) आणि नव्या (ग्रेगोरियन) पंचांगांतल्या १३ दिवसांचा हा फरक. युक्रेनच्या ऑर्थोडॉक्स चर्चने २०२३ मध्ये पंचांग बदललं, म्हणून तिथे आता दोन्ही तारखा कानावर येतात. ख्रिस्ती धर्माआधीचा जुना स्लाव धर्म नव्याने पाळणारे रोदनोव्हेर गट मात्र बहुधा २१ जूनच्या आसपासचा सर्वांत मोठा दिवसच धरतात, आणि ते जास्त सयुक्तिक वाटतं. फक्त ‘कुपाला नावाचा प्राचीन देव’ हे डोळे झाकून मानू नका. त्याला देव म्हणणारा मजकूर १७व्या शतकातला आहे. त्याआधीच्या नोंदींत कुपाला म्हणजे नुसता तो दिवस.

मुली फुलांचं कडं मेणबत्ती लावून नदीत सोडतात. विझलं किंवा बुडालं तर अपशकुन, दूरवर तरंगत गेलं तर लग्नयोग. पण निम्मी कडी बुडतात ती बांधणीमुळे. विलोच्या ओल्या, लवचिक फांद्यांचं वीतभर रुंद दुहेरी वेटोळं करा. वाळलेली फांदी वळवताना मोडते. मध्ये दोन काड्या आडव्या-उभ्या बांधून त्यांवर बुटकी, जाड मेणबत्ती बसवा. उंच मेणबत्तीने कडं कलंडतं. फुलं दोऱ्याने, सगळीकडे सारख्या वजनाची बांधा. खसखशीची लाल फुलं दिसतात छान, पण पाकळ्या तासाभरात गळतात. डेझी आणि कॉर्नफ्लॉवर टिकतात. कडं फेकायचं नाही. गुडघाभर पाण्यात उतरून, संथ प्रवाहात अलगद ठेवायचं.

वनस्पती त्याच रात्री किंवा पहाटे दव असताना खुडतात: सेंट जॉन्स वर्ट, अर्टेमिसिया, आणि घरात चेटकीण शिरू नये म्हणून दाराखिडक्यांत लावायला खाजरी नेटल. १५०५ मध्ये पाम्फिल नावाच्या मठाधिपतीने रशियातल्या प्स्कोव्ह शहराच्या अधिकाऱ्यांना पत्र लिहून या खुडण्यावर आणि ढोल, टाळ्या, नाचावर आगपाखड केली होती. त्याची तक्रार आज कार्यक्रमपत्रिका म्हणून खपेल! फक्त याच रात्री फुलतं म्हणतात ते नेच्याचं फूल शोधायला जोडपी रानात जातात. नेच्याला फूल येतच नाही, हे त्यांनाही ठाऊक असतं.

जाळावरून उडी मारायची घाई नको. ज्वाळा गुडघ्याखाली येऊ द्या. पाइनचं चिकट लाकूड ठिणग्या उडवतं, तेव्हा वाळलेला बर्च बरा. सगळ्यांनी एकाच दिशेने धावायचं, उतरायची जागा कोरडी ठेवायची, नायलॉनचे कपडे अंगावर नकोत, पाण्याच्या बादल्या हाताशी हव्यात. जोडप्याचे हात उडीत सुटले नाहीत तर संसार टिकतो म्हणतात. हात सुटतात ते बहुतेकदा एकाने आधी झेप घेतल्यामुळे. पावलं मोजून एकदम उडा.